कित्याक जाय?

गेल्या चवथीला मी पेडण्यात मावसभावाकडे गेले होते. पोचायला उशीर झाला, गणपती पोचवून झाले होते, म्हणून त्याने फोनच माझ्या हातात दिला. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट, त्याने स्वतः बांधली होती. कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस, रानातून शोधून आणलेल्या कितीतरी वस्तू. फोटोतसुद्धा डोळ्यांत भरत होत्या. "गेल्या वर्साची ह्याच्याहून बरी जाल्ली, फाटीं वच," तो म्हणाला. मी मागे मागे सरकवत गेले. दोन माटोळ्यांच्या मध्ये एक अख्खा पर्यटन सीझन होता. पासपोर्टची पानं, व्हिसाची पानं, मध्येच एक आधार कार्ड, त्याची मागची बाजू, कुणाचं तरी ड्रायव्हिंग लायसन्स. एका सहा-सात वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट होता, फोटोत ओले केस नीट विंचरलेले. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, नंबर, सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

किनाऱ्यालगत त्याच्या चार खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मार्च त्या भरलेल्या असतात.

"हे अजून कित्याक दवरल्यात रे?" मी विचारलं.

"दवरल्यार बरें गे. केन्ना जाय पडत सांगूंक येना." ठेवलेलं बरं, केव्हा लागेल सांगता येत नाही.

मावसभाऊ सरळ माणूस आहे. एका पाहुणीची कर्णफुलं उशीखाली राहिली तेव्हा त्याने ती पदरचे पैसे घालून कुरिअरने पाठवली होती. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली तर ती परत करायची, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पण दुसऱ्याची माहिती हीसुद्धा दुसऱ्याची वस्तू आहे, काम संपलं की तीही आपल्याकडे राहता कामा नये, हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं असेल असं वाटत नाही.

कित्याक जाय? कशाला हवं? हा प्रश्न गोव्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. शेजाऱ्याने कोयता मागितला तरी देता देता आपण विचारतो, कशाला हवा? आधारची झेरॉक्स मागितली की मात्र निमूट काढून देतो, वर सही करून देतो. डिजिटल जगात माणसाचं खासगीपण टिकायचं असेल तर ह्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं ओझं मागणाऱ्यावर पडलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. माहिती कशासाठी हवी, किती दिवस ठेवणार, काम झाल्यावर तिचं काय करणार, हे त्याने आधी सांगावं. आज सगळं उलटं चाललं आहे. देणाऱ्याने समजून घ्यावं, देणाऱ्याने सावध राहावं, देणाऱ्याने 'मी सहमत आहे' वर टिचकी मारावी, आणि पुढे काही बिघडलं तर देणाऱ्यानेच निस्तरावं.

मराठीत प्रायव्हसीला आपण 'गोपनीयता' म्हणतो. वर्तमानपत्रात हाच शब्द, ॲपच्या अटींत हाच शब्द. ह्या शब्दाने आपलं बरंच नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. गोपनीय म्हणजे लपवून ठेवायचं. मग पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय? हक्क मागणाराच चोर ठरतो. म्हणून मी 'खासगीपण' म्हणते. ते कसं असतं हे पाहायला डिचोलीतलं आमचं जुनं घर मला पुरतं. अंगणात तुळशीपर्यंत कोणीही येई. सोप्यावर पोस्टमन बसे, पंच बसे, मत मागायला आलेला उमेदवार बसे. नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, मागच्या दारी. राजांगणापर्यंत, म्हणजे घराच्या आतल्या चौकापर्यंत, सोयरेधायरे. स्वयंपाकघरात घरच्या बायका, आणि फार तर शेजारची आजी. दिवसा एकाही दाराला कडी नसे, पण कोणी कुठवर यायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या उंबरठ्यांना जातीचा विटाळ चिकटलेला होता हेही खरं, आणि तो गेला ते चांगलंच झालं. पण घरचा माणूस आपला उंबरठा आपण ठरवतो, ही गोष्ट जातीची नव्हती. ती माणसाच्या मानाची होती. सोप्यावर बोललेलं स्वयंपाकघरात जायला हरकत नसे. स्वयंपाकघरात बोललेलं परस्पर सोप्यावर गेलं की घरात भांडण ठरलेलं.

आज होतंय ते नेमकं हेच. डॉक्टरला सांगितलेलं विमा विकणाऱ्याला कळतं.

गेल्या वर्षी आईचे गुडघे फारच दुखायला लागले, म्हणून तिला तपासणीला नेलं. कुठे ते लिहीत नाही. नाव, वय, पत्ता, मोबाईल सगळं घेतलं होतं, आणि ते घेणं मला रास्तच वाटलं होतं. आठवड्याच्या आत तिच्या फोनवर एक मुलगा हिंदीत बोलू लागला. माताजी, गुडघ्याचा पट्टा आहे, एवढ्यात मिळेल. आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस?" मी नाही म्हटलं. मग तिने वहिनीला विचारलं. मग धाकट्या भावाला फोन लावला. दोन दिवस तिच्या मनातून ते गेलं नाही. दुखणं चारचौघांत सांगणाऱ्यांतली ती नाही, मंदिरात पायरी चढतानाही ती थांबत नाही, आणि आता कोणीतरी घरातलंच फुटलं आहे अशी तिची समजूत झाली होती. एखादी कंपनी तिची माहिती विकत घेऊ शकते हे मी समजावलं, पण ते तिच्या गळी उतरेना. तिच्या जगात बातमी माणसाकडून माणसाकडे जाते. पट्टा तिने घेतला नाही, पैसे गेले नाहीत. कोणत्याही तक्रारअर्जात भरता येईल असं नुकसान काहीच झालं नाही. आम्हा चौघांवर मात्र तिने दोन दिवस संशय घेतला.

इथे काहीजण म्हणतील, गावात कुठलं आलंय खासगीपण? कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची मुलगी कोणाबरोबर स्कूटरवर दिसली, सगळं गावाला माहीत असतं. खरं आहे. त्या माहितीने गावात लोकांचे, विशेषतः बायकांचे, किती हाल केले हे मला कोणी सांगायला नको. तरी त्यात दोन गोष्टी होत्या ज्या आता उरल्या नाहीत. मला जो ओळखतो त्याला मीही ओळखत होते. त्याचंही मला ठाऊक होतं. आणि गाव विसरत असे. दहा वर्षांनी जुनी कुजबुज विरून जाई, माणसाला नव्याने उभं राहायला जागा मिळे. स्पेनमधल्या मारिओ कोस्तेहा गोन्झालेझ ह्या गृहस्थाला ही विसरण्याची जागा मिळवायला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९८ मध्ये कर्जापायी त्याच्या घराच्या लिलावाची नोटीस पेपरात आली होती. कर्ज फिटलं, वर्षं गेली, पण गुगलवर नाव टाकलं की ती नोटीस वर येई. १३ मे २०१४ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. आपल्याकडे सतरा वर्षांच्या पोराने रागाच्या भरात टाकलेली पोस्ट तो चाळीस वर्षांचा झाला तरी तशीच राहणार आहे.

गोव्याने तर ह्या बाबतीत फार सोसलं आहे. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, इथे १५६० मध्ये आलं आणि मधली चार-एक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. त्याच्या १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांनी काय करू नये ह्याची यादी आहे. घराशी तुळस ठेवू नये. भात मिठाशिवाय शिजवू नये. जरा थांबून विचार करा. सत्तेला कोणाच्या भातात मीठ आहे आणि कोणाच्या नाही हे कळायला हवं होतं. ते कळायचं तर चुलीपाशी कोणाचातरी कान हवा: शेजारी, मोलकरीण, भाऊबंद. त्या काळात भरडले गेले त्यांचे वंशज आज आपले शेजारी आहेत. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. ज्यांच्या आजी-आजोबांनी हे भोगलं त्यांनी तरी 'लपवण्यासारखं काय आहे' असं म्हणू नये.

आणि लपवण्यासारखं कधी कधी असतंही. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेलगतच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत होते. पोर्तुगीज सरकारच्या लेखी तो गुन्हा होता. २०२५ मध्ये त्याच लिबिया लोबो सरदेसाईंना पद्मश्री जाहीर झाली. आज निरुपद्रवी वाटणारी माहिती उद्या कोणाच्या हातात जाईल आणि तिचा अर्थ कोण लावेल, हे आजच्या कोणालाही सांगता येत नाही. जंगलातल्या त्या दोघांच्या खिशात दर मिनिटाला आपली जागा कळवणारा फोन असता, तर तो रेडिओ एक आठवडा तरी चालला असता का?

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याला वर्ष पुरं व्हायला एक दिवस असताना, १८ डिसेंबर १९६२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खरक सिंग ह्याच्या खटल्याचा निकाल दिला. हा उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या संशयावरून पकडला, पुराव्याअभावी सुटला, पण पोलीस रात्री-बेरात्री येऊन त्याचं दार वाजवत राहिले. रात्रीच्या त्या फेऱ्या न्यायालयाने बंद केल्या, मात्र खासगीपणाचा हक्क घटनेत आहे असं म्हणायला नकार दिला. ते म्हणायला आणखी ५५ वर्षं जावी लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की हा मूलभूत हक्क आहे, तो जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर तीन गोष्टी हव्यात: कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि त्या हेतूला जेवढं लागतं तेवढाच हात घालायला हवा. नीट पाहिलं तर ही आपल्या 'कित्याक जाय'चीच घटनात्मक भाषा आहे.

मग कायदा आला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला, तो बदलत बदलत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यात चांगलं आहे ते आधी सांगते. संमतीची सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मागता येईल, म्हणजे कोकणीत आणि मराठीतही. हेतू संपल्यावर माहिती पुसावी, असंही कायदा म्हणतो. नियम मोडणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण कायद्याचा पाया संमतीचा आहे, आणि तो पाया मला कच्चा वाटतो. संमती ही आपण एकेकट्याने द्यायची गोष्ट आहे, माहिती मात्र एकेकट्याची नसते. फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका ॲपमधून परस्पर केंब्रिज ॲनालिटिका ह्या प्रचार कंपनीकडे गेली, त्या प्रकरणात फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये भारतापुरते आकडे दिले होते. ते ॲप भारतात घेतलं होतं ३३५ जणांनी. ॲप घेतलेल्यांच्या मित्रयादीतून भारतातल्या आणखी ५ लाख ६२ हजार १२० जणांची माहिती गेली असावी. ३३५ जणांनी होय म्हटलं. बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही. माझ्या मावसभावाने एखाद्या ॲपला फोनमधले नंबर बघू दिले, की त्याच्या चारशे ओळखीच्यांची नावं आणि नंबर त्या ॲपकडे गेले. त्यांत मी आहे, आई आहे, देवळाचा भट आहे, दरवर्षी येणारे पाहुणे आहेत. होय म्हटलं एकाने. शिवाय ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होय म्हणण्याला काय किंमत? दवाखान्याच्या खिडकीवर पाळी लागलेली असते, मागे रांग असते, अशा वेळी अटी वाचत बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणून म्हणते, माणसाने होय म्हटलं का, एवढंच विचारून भागत नाही. मागायचंच कारण होतं का, हे आधी विचारायला हवं.

गोव्यासारख्या लहान ठिकाणी आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल मी फारसं कुठे वाचलेलं नाही. नाव काढून टाकलं की माहिती निनावी झाली, असं सगळीकडे धरून चालतात. अमेरिकेतल्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं, की फक्त पिन कोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढं कळलं तरी तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळं ओळखता येऊ शकतं. एवढा मोठा देश, तिथली ही गत. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि ती १९१ पंचायतींत आणि मूठभर शहरांत वाटलेली. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर 'वय ६४, पुरुष, निवृत्त शिक्षक, डायलिसिस चालू' एवढं लिहिलं की पुढे नाव लिहायची गरजच नाही. तिसऱ्या घरातलं पोरसुद्धा सांगेल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे लाभार्थी ज्येष्ठ आहेत, एकल महिला आहेत, दिव्यांग आहेत. अशा कोणत्याही योजनेची यादी कुणी 'नावं काढून' व्हॉट्सॲपवर फिरवली तर मुंबईत ती निनावी राहील. डिचोलीत नाही राहणार. लहान राज्यासाठी नियम जास्त कडक हवेत, ही मागणी आपल्या आमदारांनी करायला हवी. त्यांना ती करायला लावायची जबाबदारी आपली आहे.

सरकारच्या बाबतीत कायदा सैल आहे, आणि ह्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला ह्या कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी राज्ययंत्रणेला नव्याने संमती घेण्यातूनही सूट आहे. नियम मोडल्याची तक्रार ऐकणारं मंडळ केंद्रानेच नेमायचं. आणि दंड वसूल झाला तर तो जाणार भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्याच तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला काय? आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ अ होतं, निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागायची वाट त्यात होती. नव्या कायद्याने ते कलम रद्द करायचं ठरवलं आहे. माझ्या आईच्या दोन दिवसांची भरपाई कोणी मागितलीही नसती, पण ज्याचं बँक खातं रिकामं झालं त्याने काय करावं?

माहितीच्या अधिकाराचं तर फार वाईट झालं. गोव्याने माहितीच्या अधिकाराचा आपला कायदा १९९७ मध्ये केला, देशाने केला त्याच्या आठ वर्षं आधी. ह्या अधिकाराच्या जोरावर इथल्या माणसांनी डोंगर कापणारे परवाने उघडे केले, शेतजमिनीचे झोन कोणासाठी बदलले ते विचारलं. आता नव्या कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८ (१) (ञ) मधला सार्वजनिक हिताचा तोल काढला, आणि 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण नकाराला पुरेसं केलं. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८ (२) अजून आहे, पण त्याचा आधार घ्यायला अपिलं करत फिरावं लागणार. आणि वेळ कशी साधली पाहा. नागरिकाला संरक्षण देणारी मुख्य कलमं नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. नागरिकाच्या हातून माहिती काढून घेणारी ही दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्काळ लागू झाली. खासगीपण दुबळ्याचं सत्तेपासून रक्षण करायला असतं. अधिकाऱ्याने सही कोणाच्या अर्जावर केली हे झाकायला ते वापरलं, तर लोक ह्या हक्काचाच राग करू लागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

उघडं काय असावं हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा एक-चौदाचा उतारा आपल्याकडे कोणालाही बघता येतो. २०२२ मध्ये गोव्यात जमीन हडपण्याची प्रकरणं बाहेर आली, विशेष तपास पथक बसलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमला गेला. ज्यांचे मालक वारले, परदेशी गेले, अशा मालमत्ता हेरून खोटी कागदपत्रं केलेली होती. तेव्हा एकजण मला म्हणाला, हे उतारेच बंद करून टाका. मला ते पटत नाही. उतारा उघडा असतो म्हणून तर आपल्या जमिनीवर दुसऱ्याचं नाव चढलेलं दूर लिस्बनला किंवा लंडनला बसलेल्या वारसाला दिसतं. जमीन कोणाची हे गावाला कळण्यात गावाचं हित आहे. त्या मालकाचा मोबाईल नंबर, आधार नंबर, अंगठ्याचा ठसा गावाला कळण्यात कोणाचंच हित नाही. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न नव्याने विचारावा लागेल. एकदा विचारून मोकळं होता येणार नाही.

मावसभावाची बाजूही मांडायला हवी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत, इथे ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात तो भरून कळवावं लागतं. भाडेकरूंची पडताळणीही गोव्यात कायद्याने सक्तीची आहे. किनारपट्टीवर जे गुन्हे आपण पाहिले त्यानंतर ह्याला मी विरोध करणार नाही. पोलिसांना कळायला हवं. पण कळवून झाल्यावर मावसभावाच्या फोनमध्ये, सफाईवाल्या पोराच्या फोनमध्ये, दलालाच्या व्हॉट्सॲपमध्ये आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तो पासपोर्ट का राहतो? विमानतळावर चेहरा दाखवून आत जायची डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झाली. तिच्या धोरणात लिहिलं आहे, की प्रवाशाची माहिती विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळाच्या यंत्रणेतून पुसली जाते. ते खरंच होतं का हे बाहेरच्या कोणी तपासायला हवं, ते अजून मला पुरेसं दिसत नाही. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. पण निदान 'अमुक तासांनी पुसू' असं लिहून देणं शक्य आहे, एवढं त्यावरून सिद्ध होतं. मग खोली भाड्याने देणाऱ्याला, दवाखान्याला, सिम कार्ड विकणाऱ्याला ते का लिहायला लावू नये?

झेरॉक्सचा धोका सरकारलाही ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. गोंधळ उडाला, आणि दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. गैरसमज होईल, असं कारण दिलं. मला वाटतं, त्या दोन दिवसांत सांगितलं होतं तेच बरोबर होतं. मास्क्ड आधार आजही काढता येतं. मी तेच देते. त्यावर तारीख आणि 'फक्त अमुक कामासाठी' असं आडवं लिहिते. एका कार्यालयात ते घ्यायला नकार मिळाला तेव्हा मी म्हटलं, पूर्ण नंबर कशाला हवा तेवढं लिहून द्या, मग देते. लिहून कोणी दिलं नाही. काम मात्र चार आकड्यांवरच झालं.

ग्रामसभेत मी एक विषय मांडला आहे: पंचायतीच्या फलकावर आणि ग्रुपवर लाभार्थ्यांची यादी लावताना नाव पुरे, आधार आणि खाते नंबर नको, अर्जासोबत घेतलेल्या प्रती काम झाल्यावर किती दिवसांनी नष्ट करणार, ते लिहून लावा. पहिल्या सभेत वेळ मिळाला नाही. पुढच्या सभेत परत मांडणार आहे.

त्या चवथीच्या संध्याकाळी मावसभाऊ आणि मी सोप्यावर बसलो. तो एकेक फोटो पुसत गेला, मी दिवा धरावा तशी शेजारी बसून होते. तास-सव्वा तास लागला. त्या ओल्या केसांच्या मुलाच्या पासपोर्टपाशी तो थांबला. "हीं दर वर्सा येतात. परत मागपाक लज जाता." पुन्हा मागायची त्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, त्यांनाच विचार. त्याने मुलाच्या आईला मेसेज पाठवला: तुमच्या कागदांचे फोटो माझ्याकडे आहेत, ठेवू की काढू? आम्ही जेवायला बसलो तेव्हा उत्तर आलं. काढून टाका, आणि विचारलंत म्हणून आभार. डिसेंबरात येताना पासपोर्ट घेऊनच येतो.